मिलची जागा तू मला दिली नाहीस

प्रिय माय,

तू गेल्याला आता तिसरं वर्ष लागलं. इतक्या दिवसांत तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. पण सोमवारी मी भरल्या सभेत अर्धंच खरं बोललो, आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. उरलेलं अर्धं कुणाला सांगू? तुलाच सांगतो. तुला अक्षरं लावायला वेळ लागायचा, म्हणून मोठं मोठं लिहितोय. सावकाश वाच.

सोमवारी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत लहान कारखानदारांची सभा होती. उद्योग खात्याचे साहेब आले होते. आजूबाजूच्या कितीतरी शेडना कुलपं लागली आहेत, हे त्यांनी येताना पाहिलंच होतं. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, की तुमची शेड कशी टिकली ते सगळ्यांना सांगा. मी सांगितलं. सरकारनं प्लॉट दिला, वीज दिली, विक्रीकरात सूट दिली, लोखंडाचा कोटा दिला. यातलं काहीच खोटं नव्हतं. टाळ्या पडल्या. साहेब खूश झाले आणि म्हणाले, सरकारचं धोरण बरोबर असल्याचा हाच पुरावा.

मी खाली बसलो. शेजारी माझा भागीदार अन्वर होता. तुझा लाडका अन्वर. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "प्लॉट तो सबको मिला था, मधू."

बस, एवढंच. पण मी काय ते समजलो. कुलपं लागलेल्या शेडवाल्यांनाही तोच प्लॉट, तीच वीज आणि तीच सूट मिळाली होती. मग आम्हीच कसे टिकलो? याचं उत्तर सभेत द्यायला मला लाज वाटली असेल का गं? की मिलमध्ये सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईनं आम्हाला धंदा शिकवला, हे सांगायचं धैर्य नव्हतं?

तुला आठवतं, बाबा गेले तेव्हा मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. बाबा मिलच्या कताई खात्यात होते. तिथल्या कापसाच्या धुळीनं त्यांची छाती पोखरली होती. बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच मिलचा मुकादम आपल्या दारात आला. बापाच्या जागी पोराला घ्यायची मिलची रीत होती. आपल्या वस्तीत पोरगं जन्माला आलं की त्याची नोकरी ठरलेलीच असायची, बाप रिटायर होण्याची तेवढी वाट बघायची. मी तर शर्टाला इस्त्री करून तयार बसलो होतो.

तू दारात उभी राहून मुकादमाला म्हणालीस, "पोराले नाही. मले घ्या."

त्यानं तुला परोपरीनं समजावलं. पोरगा दोन वर्षांत पक्का होईल, तुला मात्र वाइंडिंग खात्यात बायकांबरोबर कांड्या भरत बसावं लागेल, त्यात पगार कमी. हे काम बाईच्या जातीला झेपत नाही, असंही तो बोलून गेला. तू ऐकून घेतलंस आणि पुन्हा तेच म्हणालीस.

तो गेल्यावर मी तुझ्यावर ओरडलो. काहून, काहून, एवढंच विचारत होतो. तू चुलीपाशी बसलीस आणि हळू आवाजात बोललीस. तुझे ते शब्द आजही मला जसेच्या तसे आठवतात.

"धम्मदीक्षेच्या दिवशी तू सात वर्साचा होता. तुया बापानं तुले खांद्यावर बसवून नेलं होतं. जन्मानं गळ्यात आलेलं काढून टाकता येते, हे तुले दिसलं पायजे म्हणून नेलं होतं. अन् आता बापाचा मिलमधला साचा तू जन्मानं घेशीन?"

मला यातलं काही कळलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की माझ्या बरोबरीची पोरं मिलच्या गेटातून आत जात आहेत आणि मी आयटीआयच्या रांगेत उभा आहे. टर्नरच्या कोर्सचा अर्ज तूच आणला होतास, कुणाला तरी विचारत विचारत. जवळजवळ वर्षभर मी तुझ्याशी धड बोललो नाही. तू पहाटे माझा डबा सायकलजवळ ठेवायचीस आणि भोंगा व्हायच्या आत निघून जायचीस. त्या वर्षाबद्दल मी तुझी कधी माफी मागितली नाही. आज मागतो.

शांताताईलाही तू वस्तीतल्या इतर मुलींसारखं वाइंडिंगमध्ये घातलं नाहीस. नर्सिंगला पाठवलंस. शेजारच्या बायका तुला म्हणायच्या, "सगुणा, एका घरात तीन धंदे कशाले वं?" तू हसून विषय बदलायचीस.

आयटीआय संपली तेव्हा हिंगण्याच्या रस्त्याला वसाहत नुकती आखली जात होती. उघडं माळरान, त्यात प्लॉटचे नंबर घातलेले दगड, मधेच एखादी नवी शेड. तिथल्या एका मशीन शॉपमध्ये मी लेथवर लागलो. वस्तीपासून सायकलनं जायला तासाच्या वर वेळ लागायचा. वस्तीतले लोक म्हणायचे, मिल पायाशी असताना सगुणाबाईनं पोराला जंगलात धाडलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी तू म्हणालीस, तुझं जंगल मला दाखव. मी तुला सायकलवर डबलसीट नेलं. तुला माझं मशीन बघायचं होतं असं मला वाटलं. पण तू माझ्या शॉपपाशी थांबलीस ती घटकाभर, आणि मग एकेका शेडपुढे जाऊन विचारत सुटलीस, की इथं काय बनते? कुठं बिस्किटं, कुठं रंग, कुठं तारेचे खिळे, कुठं कपबश्या. दुपारभर तू मला त्या उन्हात फिरवलंस. चौकीदार हसत होते, मला ओशाळल्यासारखं झालं होतं. परतताना तू मागून बोललीस.

"मिल बंद पडली तं अख्खी वस्ती उपाशी राहीन. इथं एक बंद पडलं तं बाजूचं चालू राहीन. हे चांगलं केलं सरकारनं."

सोमवारी साहेबांनी अर्धा तास भाषण करून जे सांगितलं ते यापेक्षा काही वेगळं नव्हतं, माय.

पुढं वसाहतीत छोट्या कारखानदारांसाठी शेड निघाल्या. आयटीआयपासूनचा माझा मित्र अन्वर म्हणाला, आपण दोघं मिळून अर्ज करू. अन्वर कामठीचा. त्याच्या घरी चार पॉवरलूम होते आणि अख्खी कामठी त्याच्या ओळखीची होती. म्हणून आम्ही पॉवरलूमला लागणारे सुटे भाग बनवायला लागलो. काम पहिल्याच वर्षी इतकं आलं की आम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. आजूबाजूच्या चार-पाच शेडवाल्यांनी आमचं पाहून तेच काम धरलं. सगळ्यांचंच छान चाललं होतं.

तू मात्र खूश दिसत नव्हतीस. एक दिवस मला जेवायला वाढताना म्हणालीस, "तुले मी सुतापासून सोडवलं, अन् तू फिरून सुतालेच गाठ बांधली. कामठीचे माग बंद पडले तं काय करशीन?"

आणि मी म्हणालो, "माय, तुले धंद्यातलं काय समजते?"

माझ्या ताटात भाकरीचा तुकडा होता, तो संपेपर्यंत थांबलीस आणि ताट उचलून नेलंस. ते एक वाक्य परत घेता येत असतं तर मी काय वाटेल ते दिलं असतं. तू पुन्हा कधी त्याचा उल्लेखही केला नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं गं!

तुझं खरं व्हायला दोन वर्षंसुद्धा लागली नाहीत. सूत महागलं, मिळेनासं झालं, आणि कामठीचे माग एकेक करून थांबले. आमचा माल तयार होऊन रॅकवर पडून राहिला. अन्वरच्या घरचे लूमही बंद होते. शेडमध्ये दोन लेथ होत्या आणि दोन्हींवर फडकी टाकलेली. सकाळी कुलूप उघडायचं, बसायचं, संध्याकाळी लावायचं. शेजारच्या शेडची तीच गत.

त्याच सुमारास तू उमरेडला मावशीकडे चार दिवस राहून आलीस. मावसा तिथल्या कोळशाच्या खाणीत कामाला होते. एस. टी. तून उतरलीस ती घरी न जाता थेट शेडवर आलीस, हातात पिशवी, लुगड्यावर धूळ. आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगायला लागलीस. खाणीत रबराच्या लांबच लांब पट्ट्यावरून कोळसा पुढं जातो. त्या पट्ट्याखाली हाताहाताच्या अंतरावर लोखंडी रोलर असतात. कोळशाची धूळ शिरून ते अडकतात, अडकले की बदलावे लागतात, आणि नवे येतात ते थेट कलकत्त्याहून, महिनोन्‌महिने वाट पाहून. मावशीच्या घरामागं बाद रोलरचा ढीग तू स्वतः पाहिला होतास. ते कसे बनलेले असतात, हेही तू मावसांना विचारून घेतलं होतंस : बाहेर पाइप, मधून दांडा, दोन्ही टोकांना बेअरिंग.

"पाइप अन् दांडा, दोन्ही तुमच्या मशीनवर होते न?" तू विचारलंस. "मंग? जे रोज झिजते ते बनवा. अन् सुताचं कामही सोडू नका. दोन्ही हातात ठेवा."

अन्वर उठला आणि म्हणाला, "खाला, कल सुबह मैं उमरेड जाता हूँ."

आता सरकारचं श्रेयही सांगतो, कारण ते नाकारलं तर तूच मला रागवशील. लहान कारखान्यांकडून माल घ्यायचं धोरण नसतं, तर त्या खाणीच्या ऑफिसात आम्हाला कुणी खुर्चीही दिली नसती. पाइपाचा कोटा मिळाला, नमुन्याची ऑर्डर मिळाली. आम्ही दोघांनी जीव तोडून पहिला लॉट बनवला, रंग दिला, ट्रकनं पाठवला.

तो सगळाच्या सगळा परत आला. तिथल्या तपासनीस साहेबांनी एकेक रोलर हातानं फिरवून पाहिला होता. काही अडत होते, काही चार फेऱ्यांत थांबत होते. आम्ही बेअरिंगला दोष दिला, ग्रीसला दोष दिला. आठवडाभर उघडून उघडून पाहिलं, चूक सापडेना. अन्वर म्हणायला लागला, हे आपल्या आवाक्यातलं काम नाही.

तेव्हा तू घरीच होतीस. मिल सरकारनं ताब्यात घेतली होती खरी, पण वाइंडिंग खातं कमी केलं आणि तुमची बायकांची अख्खी रांग घरी बसवली. तू त्याचं दुःख कधी दाखवलं नाहीस. त्या दिवशी दुपारी तू डबा घेऊन शेडवर आलीस. आम्ही जेवत होतो आणि तू त्या परत आलेल्या रोलरपाशी जाऊन बसलीस. एक उचलून मांडीवर घेतलास, तळहातानं फिरवलास, डोळे मिटलेस. मग दुसरा. मग तिसरा. काही डाव्या बाजूला ठेवलेस, काही उजव्या.

मी विचारलं, "काय करून राहिली, माय?"

"मिलमधी साच्यावरची फिरती चाती वाकडी असली तं सूत तुटते," तू म्हणालीस. "आम्ही ते डोळ्यानं नाही पाहत, हातानं पाहतो. या डावीकडच्यायचं पोट वाकडं हाये."

अन्वरनं ताटावरून उठून हात धुतला आणि मोजायचं यंत्र लावलं. तू डाव्या बाजूला ठेवलेल्या प्रत्येक रोलरमध्ये दोन टोकांच्या बेअरिंगची घरं एका रेषेत नव्हती. केसाएवढा फरक. यंत्र लावल्याशिवाय आम्हाला दिसला नसता, आणि यंत्र नेमकं तिथं लावावं हे सुचलं नसतं. उजवीकडचे सगळे ठीक होते. अन्वर तुझ्याकडे बघतच राहिला. आणि मी? मी जमिनीकडे.

दोष कळल्यावर तो काढायला आम्हाला चारच दिवस लागले. पण तुझं बोलणं संपलं नव्हतं. तू म्हणालीस, बेअरिंग बसवायला आणि फिरवून पाहायला वाइंडिंगमधल्या तीन बायकांना ठेवा. सगळ्यांत आधी कौसाबाईचं नाव घेतलंस. कौसाबाई तुझ्या शेजारच्या साच्यावर चौदा वर्षं बसलेली, नवरा नाही, काम गेलेलं. मी नको म्हणालो. लोखंडाचं काम आहे, जड आहे, हे बायकांना झेपणार नाही, असं म्हणालो.

तू माझ्याकडे नीट पाहिलंस. "मुकादमही हेच म्हणे," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई कामावर आली.

दुसरा लॉट घेऊन मी स्वतः उमरेडला गेलो. साहेबांनी एक रोलर उचलून स्टँडवर ठेवला, फिरवला आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला वळले. बोलणं संपवून परत आले तरी तो फिरतच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर सही केली. मी घरी येऊन तुला हे सांगितलं, तेव्हा तू विचारलंस, कौसाला सांगितलंस का? नव्हतं सांगितलं. तू मला तसंच परत पाठवलंस, आधी तिला सांगून ये म्हणून.

त्यानंतरची वर्षं तू पाहिलीस. कामठीचे माग पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले, पुन्हा सुरू झाले. खाणीचं काम मधे एकदा अडलं तेव्हा लूमच्या कामानं आम्हाला तारलं. मग मिलच पुरती बंद पडली. ज्यांच्या घरात बाप, भाऊ, पोरगा, सगळे तिथंच होते, त्या घरांचं काय झालं ते तुला सांगायला नको. माझ्या बरोबरीची ती इस्त्रीच्या शर्टातली पोरं चाळिशीला येऊन नव्यानं काम शोधत होती. त्यातले दोघं आज आपल्या शेडमध्ये आहेत. चांगलं काम करतात.

आता माझी एक तक्रार ऐकून घे. तू खोकत होतीस, आणि आम्हाला सांगितलं नाहीस. मी विचारलं की म्हणायचीस, मिरच्या भाजून राहिली. मिरच्या नसलेल्या दिवशीही? शांताताई नर्स असून तिलाही तू छातीला हात लावू दिला नाहीस. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की ही बाबांसारखीच धूळ आहे, फार वर्षांची. ताईनं मला सांगितलं आणि मी व्हरांड्यातच बसून राहिलो. बाबांच्या जागेवर मी गेलो असतो तर ती माझ्या छातीत असती. हे तुला त्या दारातच ठाऊक होतं, नाही का? मग एकदा तरी बोलायचंस!

तू मात्र पलंगावर पडून कौसाबाईला विचारत होतीस, नव्या रोलरचं काम कुठवर आलं. तू गेलीस त्या दिवशी शेड बंद ठेवली होती. तुला ते आवडलं नसतं, पण एवढं आमचं चालू दे.

आता ताजी गोष्ट. तुझी नात सुजाता यंदा दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. मी मनात पक्कं केलं होतं, की तिला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायला लावायचा आणि शेड तिच्या हाती द्यायची. अन्वरला सांगून बसलो, कौसाबाईला सांगून बसलो. फक्त तिला विचारायचं राहिलं. ती म्हणाली, "बाबा, मले इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं आहे. टीव्हीच्या आत काय असते ते शिकायचं आहे."

मी म्हणालो, मग शेड कोण पाहील? ती म्हणाली, "जो पाहील तो पाहील." मला राग आला. दोन दिवस घरात धड बोलणं नव्हतं. आज हे पत्र लिहायला बसलो, आणि लिहिता लिहिता मधेच उठून बसस्टॉपवर गेलो. तंत्रनिकेतनात जाऊन अर्ज घेऊन आलो. मग पुढचं लिहायला घेतलं.

अर्ज माझ्यासमोर आहे. तिचं नाव, तिच्या आईचं नाव, पत्ता, एवढं मी भरलं आहे. शाखेचा रकाना कोरा ठेवला आहे. तो ती भरेल, तिच्या हातानं. खाली पालकाच्या सहीची जागा आहे. माय, तुला शब्द देतो : तिनं तिथं जे लिहिलं असेल ते वाचून मी सही करीन, आणि सही करताना माझा चेहरा पडलेला नसेल. पोरगी हुशार आहे, चेहरा लगेच ओळखते.

ती आत्ता स्वयंपाकघरात आईला मदत करते आहे. पत्र संपवतो आणि तिला हाक मारतो.

तुझ्या हाताखाली शिकलेला,
मधू
नंदनवन, नागपूर